उत्तर न आल्यास शून्य धरावे

३ मार्च, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. मागच्या वेळी चौथ्या दिवशी सुटलं होतं, पण तेव्हा लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

आमच्या वाचनालयाच्या नऊ शाखांपैकी एक बंद करायची असं कार्यकारिणीत ठरलं. कोणती, ते आकड्यांवरून ठरेल. आकडे मी देणार. मुख्य कचेरीत कॉम्प्युटरचं सगळं मीच बघतो. म्हणजे मी आणि नवी. नवीला येऊन तीन वर्षं झाली, पण माझ्यानंतर आली म्हणून ती नवी.

अध्यक्षांना जागच्या जागी सांगून टाकलं की नवा सर्व्हर वगैरे काही लागणार नाही. डेटाबेस ब्राउझरमध्येच चालवू. प्रत्येक शाखेत येणाऱ्या वाचकांची आणि पुस्तकांच्या देवघेवीची नोंद त्या त्या शाखेच्या कॉम्प्युटरवर आहेच, महिनावार फाइली करून ठेवलेली. पान उघडलं की ब्राउझर नऊही ठिकाणांहून फाइली मागेल, बेरीज स्वतःच करेल आणि कोण पुढे, कोण मागे ते दाखवेल. अध्यक्ष म्हणाले, पंधरा दिवसांत होईल ना? मी म्हणालो, आठवड्यात. असं का म्हणालो? आठवडा कुणी मागितला नव्हता.

एक नैतिक अडचण आहे. नऊपैकी एक शाखा ताईची. सख्खी मोठी बहीण. ती तिथे नोकरीला लागली तेव्हा मी शाळेत होतो, आणि शाळा सुटली की तिच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसायचो. आज मी जो काही आहे तो त्या स्टुलामुळे. तिला निवृत्त व्हायला अजून तीन वर्षं आहेत. शाखा गेली तर ती घरी बसेल, आणि ताई घरी बसणारी नव्हे.

म्हणून संकल्प: ताईच्या शाखेचे आकडे मी खास तपासणार नाही. त्यांच्याकडे वाकून बघणारसुद्धा नाही. उद्या कुणी म्हणायला नको की भावाने बहिणीचं भलं केलं.

संकल्प दुसरा: दर रविवारी ताईला फोन. तिच्या शाखेत शेवटचा कधी गेलो होतो ते आठवत नाही, हे लिहितानाही बरं वाटत नाही.

५ मार्च, बुधवार

घरी बसून काम. नऊही शाखांच्या फाइलींची नक्कल माझ्याच लॅपटॉपवर घेतली आणि पान चालवून पाहिलं. बटणावरून बोट उचलायच्या आत उत्तर. हिला बोलावून दाखवलं. ही म्हणाली, छान आहे, आणि अहो, नळाची चकती आणणार होतात ती आणलीत का?

उद्या आणतो.

एक गोष्ट फक्त स्वतःपुरती नोंदवून ठेवतो. हा डेटाबेस मुळात डिस्कवरून वाचायला शिकलेला आहे. मागितलं की हातात पडतं, एवढंच त्याला ठाऊक. ‘थांब, मग देतो’ ही भाषा त्याला समजत नाही. ती शिकवायची तर बरंच काही नव्याने लिहावं लागलं असतं. म्हणून मी नेटवरून मागतानाही सिंक्रोनस विनंती वापरली. म्हणजे मागायचं, आणि उत्तर येईपर्यंत हातातलं सगळं टाकून तिथेच उभं राहायचं. असं करू नका असा इशारा ब्राउझर देतो. पण तो पिवळ्या अक्षरांत देतो, लाल नाही.

हा आळस आहे का? नाही. तात्पुरती व्यवस्था आहे.

१० मार्च, सोमवार

आज खऱ्या शाखांना जोडलं. पान उघडलं आणि गोठलं.

लोकांना धीर यावा म्हणून मी एक गोल फिरणारं चक्र केलं होतं. पान थांबलं की तेही थांबतं. वाट बघायची वेळ आली नेमक्या त्याच वेळी ते फिरत नाही. एरवी छान फिरतं. शिवाय ‘रद्द करा’ असं लाल बटणही आहे. तेही दाबलं जात नाही, कारण दाबलेलं ऐकायला आत कुणी मोकळं नाही. सगळे शाखांच्या दारात उभे.

नवी माझ्या खुर्चीमागे येऊन बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “सर, तुमचा कोड म्हणजे फोन कानाला लावून दारात उभा राहिलेला पाहुणा आहे. स्वतः आत येत नाही, आणि मागच्यांना येऊ देत नाही.”

उपमा बरी होती. तिला तसं सांगितलं नाही.

आठवडा आज संपला. अध्यक्षांना ‘जवळजवळ झालं’ असा निरोप पाठवला. ‘जवळजवळ’ हा शब्द खोटा म्हणता येणार नाही.

रविवारचा फोन राहिला. चकतीही.

१३ मार्च, गुरुवार

अध्यक्ष स्वतः बघायला आले. थांबलेलं चक्र त्यांना संस्थेचं नवं बोधचिन्ह वाटलं. चांगलं आहे म्हणाले, जरा मोठं करा. मी मान डोलावली. सत्य सांगायची ती वेळ नव्हती. ते खूश होते.

मग त्यांनी ‘रद्द करा’ दाबलं. काही झालं नाही म्हणून पुन्हा दाबलं. अध्यक्ष चिकाटीचे आहेत. संस्था त्यामुळेच उभी आहे. ते दाबत राहिले. शेवटी पान जागं झालं, नऊ शाखांचा तक्ता क्षणभर दिसला, आणि तोवर साठलेली सगळी ‘रद्द करा’ एकामागून एक पोचली. तक्ता गेला.

अध्यक्ष म्हणाले, आत्ता काहीतरी दिसलं होतं. मी म्हणालो, हो, तेच ते.

१७ मार्च, सोमवार

नवीचं ऐकलं. म्हणजे तिने सुचवलं ते माझ्याही मनात होतंच, फक्त तिच्या आधी तोंडातून बाहेर आलं नाही. डेटाबेस पानाच्या पुढच्या खोलीतून काढून मागच्या खोलीत बसवला. ब्राउझरमध्ये अशी सोय असते. तिथे त्याने खुशाल खोळंबून राहावं. पुढची खोली मोकळी.

चक्र फिरलं! किती तरी वेळ नुसता बघत बसलो. ‘रद्द करा’ दाबलं तर रद्द झालं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा रद्द केलं.

आता फक्त उशीर होतो एवढंच. आठ शाखा लगेच उत्तर देतात. एक देत नाही. कोणती ते बघितलं नाही. संकल्प आहे.

१८ मार्च, मंगळवार

किती वेळ वाट बघावी, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. कुणाच्या घरी गेलो तर बेल किती वेळा वाजवतो? दोनदा. फार तर तीनदा. मग परत फिरतो. घरात कुणी नाही असं समजतो. त्यात अपमान नाही, रीत आहे.

तेव्हा मागच्या खोलीत मुदत घातली. एका फाइलीला चार सेकंद. चार सेकंदांत उत्तर नाही आलं तर पुढे चालायचं. पान आता वाऱ्यासारखं पळतं.

नवीने विचारलं, “आणि उत्तर नाही आलं तर त्या महिन्याचं काय धरता?”

काही नाही धरत, मी म्हणालो.

“काही नाही म्हणजे शून्य?”

बेरजेत दोन्ही एकच, असं मी तिला सांगितलं. तिने चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, सर तुम्हीच. हे ‘सर तुम्हीच’ मला आवडलं नाही, पण त्यात निषेध होता असं सिद्ध करता येणार नाही. ‘नंतर बघायचं’ या यादीत टाकलं. या यादीतली पहिली नोंद तीन वर्षांपूर्वीची आहे, नवीच्याच प्रश्नाची.

२१ मार्च, शुक्रवार

कार्यकारिणीपुढे पान दाखवलं. एका दमात तक्ता आला. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. अध्यक्ष म्हणाले, बघा, सर्व्हरशिवाय! आणि शिपायाला सांगून तिथल्या तिथे छापून घेतलं.

तळाला ताईची शाखा होती. तळाला म्हणजे वरच्या आठांपासून तुटून, पार खाली. पाहुणे जेवून गेल्यावर दाराशी एकच चप्पल उरावी तशी.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण त्याच वेळी, लपवण्यात अर्थ नाही, थोडा अभिमानही वाटला. बहिणीची शाखा तळाला असून मी चकार शब्द काढला नाही. किती लोकांना जमलं असतं? घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, ताईंना फोन केलात का? मी म्हणालो, आत्ता फोन केला तर ते योग्य दिसेल का? ही म्हणाली, कुणाला?

२५ मार्च, मंगळवार

ताईचाच फोन आला. सगळ्या शाखांना पानाचा पत्ता पाठवला होता, तिने उघडून पाहिलं.

आधी म्हणाली, छोट्या, छान केलंयस रे, ते गोल गोल फिरतं ते मस्त आहे. मी शेहेचाळीस वर्षांचा आहे. मग म्हणाली, मला आपली गर्दी असते असं वाटायचं. संध्याकाळी तर बसायला जागा नसते असं वाटायचं.

मी तिला समजावलं. हे लिहायलाच हवं, कारण मी चांगलंच समजावलं. सांगितलं की माणसाला आपल्या डोळ्यांसमोरचं नेहमी मोठं दिसतं. दहा माणसं एकदम आली की लक्षात राहतात, रिकामी दुपार लक्षात राहत नाही. आकड्याला मात्र आवड-नावड नसते. एक उदाहरणही दिलं.

ती म्हणाली, असेल बाई. तू केलंयस म्हणजे बरोबरच असणार.

फोन ठेवल्यावर पुढ्यातला चहा तसाच बाजूला सरकवला. दुपारी घाईत जेवलो त्यामुळे असेल.

३० मार्च, रविवार

ताईला फोन करायचा म्हणून बसलो. बोलताना काहीतरी चांगलं सांगता यावं म्हणून पान उघडलं. संकल्प मोडला असं नाही; काम झाल्यानंतर बघायला हरकत नसावी.

ताईची शाखा पहिली होती.

वरून पहिली. दुसऱ्या नंबरच्या शाखेला खूप मागे टाकून. मला वाटलं पान बिघडलं. पुन्हा उघडलं. पहिली. हिच्या फोनवर उघडलं. पहिली. ही म्हणाली, बरंच झालं की, मग चेहरा असा का?

मी म्हणालो, हे गेल्या वर्षाचे आकडे आहेत. गेलं वर्ष रविवारी वाढतं कसं?

ताईला फोन केला नाही. काय बोलणार होतो?

३१ मार्च, सोमवार

सकाळी कचेरी उघडताना ताईची शाखा दुसरी. दुपारी सहावी. संध्याकाळी तळाला. संध्याकाळी तिच्या गेल्या वर्षातून मे, जून, ऑगस्ट आणि पुढचे बरेच महिने नाहीसे झाले होते. सकाळी होते.

तिच्या शाखेत एकच लाइन आहे आणि एकच कॉम्प्युटर. फाइली त्याच्यावरच, आणि वाचकही त्याच्यावरच. संध्याकाळी गर्दी झाली की तो दमतो आणि चार सेकंदांत उत्तर देत नाही. की आपण शून्य धरून पुढे. रविवारी शाखा बंद, तो बिचारा मोकळा, तेव्हा लगेच सगळं खरं सांगतो. म्हणजे जितके वाचक जास्त, तितके वाचक कमी.

बाकीच्या शाखांत गर्दी नाही म्हणून त्या चटकन उत्तर देतात. रिकाम्या दुकानात लगेच ‘या या’ होतं, तसं.

मी हे कुणाला सांगितलं नाही. प्रथम पूर्ण खात्री व्हायला हवी. अर्धवट सांगणं बेजबाबदारपणाचं ठरेल. उद्या सांगेन.

१ एप्रिल, मंगळवार

आज सांगणार होतो. पण आजची तारीख बघता कुणाला थट्टा वाटली असती.

त्याऐवजी गुपचूप दुरुस्ती केली. मुदत काढूनच टाकली. उत्तर येईल तेव्हा येईल, तोवर थांब. आकडा आता संध्याकाळीही खरा येतो. चूक सुधारली म्हणजे चूक राहिली नाही, आणि राहिली नाही तर सांगणार काय? बरं वाटलं. येताना नळाची चकती घेतली. माप चुकलं.

२ एप्रिल, बुधवार

अध्यक्षांचा फोन. परवापर्यंत पान पळत होतं, आता चहा संपला तरी चक्रच फिरतंय, बिघडवलंत का?

मी म्हणालो, जरा अचूक केलंय. ते म्हणाले, अचूक होतंच की, आता पुन्हा वेगात करा, मंगळवारी कार्यकारिणी आहे.

आता बोलायचं होतं. वाक्य तयार होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, “करतो.”

आणि केलं. चार सेकंद परत घातले. स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत. याला काय म्हणायचं ते मी आज लिहिणार नाही.

तसंही छापलेला तक्ता त्यांच्या फायलीत आहे. कागद रिफ्रेश होत नाही. हे सांत्वन आहे की आरोप, तेही ठरवलेलं नाही.

३ एप्रिल, गुरुवार

अध्यक्ष जिन्यात भेटले. खूप मोकळे दिसत होते. म्हणाले, तुमच्या भगिनी मोठ्या मनाच्या. मी सकाळी फोन केला होता, कसं सांगावं या चिंतेत होतो, तर त्या स्वतःच म्हणाल्या की आकडे तसे असतील तर माझी शाखा बंद करा, माझी हरकत नाही. मंगळवारी नुसता ठराव करायचा.

मी म्हणालो, हो, ती तशीच आहे.

जिना पूर्ण चढून गेल्यावर लक्षात आलं की मला खाली जायचं होतं.

४ एप्रिल, शुक्रवार

संध्याकाळी ताईच्या शाखेत गेलो. फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नाही, समोर बसून सांगावी, असा विचार होता. समोर बसायला जागा नव्हती.

सगळ्या खुर्च्या भरलेल्या. परीक्षेची मुलं जमिनीवर पाठीला पाठ लावून. खिडकीशी एक आजोबा भिंग घेऊन पेपर वाचत होते. त्यांच्या खांद्यावरून दुसरे गृहस्थ तोच पेपर वाचत होते आणि पान उलटायची घाई करू नका म्हणत होते. कॉम्प्युटरवर एक बाई नोकरीचा अर्ज भरत होती, तिच्यामागे चौघं, आणि चौघंही तिला एकाच वेळी सल्ला देत होते. वायफायचा पासवर्ड भिंतीवर हातभर अक्षरांत चिकटवलेला. याच लाइनीतून मी माझे आकडे मागतो.

ताईने मान वर केली. म्हणाली, छोट्या, आलास? स्टूल नाही हं रिकामं. उभा राहा. आणि उभा आहेसच तर एवढी पुस्तकं वरच्या फळीवर लाव.

लावली. तासभर लावत होतो. प्रायश्चित्त म्हणून नीट विषयवार लावली. मधे ती हळू आवाजात म्हणाली, “शुक्रवारी जरा बरी असते बघ गर्दी. तुझ्या मोजणीत शुक्रवार धरलेत ना?”

मी म्हणालो, धरलेत.

एवढ्या लोकांदेखत सांगणं बरोबर दिसलं नसतं. घरी आलो. ही काही विचारायच्या आत म्हणालो, गर्दी फार होती. ही म्हणाली, मग चांगलं झालं ना? मी आत जाऊन नळाखाली हात धरून उभा राहिलो. तो अजून गळतोच आहे.

६ एप्रिल, रविवार

आत्मपरीक्षण.

मी खोटं बोललो का? एकदाही नाही. जे विचारलं गेलं नाही ते सांगितलं नाही, इतकंच. नवीने विचारलं होतं, पण तिने आणखी जोरात विचारायला हवं होतं. ब्राउझरने पिवळ्या अक्षरांत सांगितलं होतं, त्याने लाल अक्षरांत सांगायला हवं होतं. ताईने आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला हवा होता.

इतकं लिहून झाल्यावर वरपासून पुन्हा वाचलं. सगळ्यांनी काय काय करायला हवं होतं त्याची चांगली यादी झाली आहे. त्यात एकच नाव नाही.

आणि तिच्या शाखेचे आकडे न तपासण्याचा तो संकल्प. मी त्याला निःपक्षपातीपणा म्हणत होतो. बाकीच्या आठ शाखांचे आकडे मी एकेकदा, वरवर का होईना, पडताळून पाहिले होते. नवव्या शाखेचे नाही. आंधळेपणाने वागलो की न्याय होतो असं मी कुठे शिकलो? त्या स्टुलावर तर नाही.

ताईला आज फोन केला. हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

८ एप्रिल, मंगळवार

कार्यकारिणी. विषय पाचवा होता. चार विषय होईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसलो होतो. नवी पाण्याचा पेला घेऊन आली आणि शेजारी बसून राहिली. मी म्हणालो, त्या शून्याबद्दल तू विचारलं होतंस. ती म्हणाली, हो. मी म्हणालो, ते चुकलं. ती म्हणाली, “मला नका सांगू सर. आत सांगा.”

आत सांगितलं. पाठ केलेलं भाषण गडबडलं. जे आलं ते सरळ आलं. ज्या महिन्याचं उत्तर वेळेत आलं नाही तो महिना मी शून्य धरला. गर्दीच्या वेळी उत्तर उशिरा येतं. म्हणून सगळ्यात जास्त गर्दीची शाखा तळाला गेली. मला हे आठवड्याहून जास्त दिवस माहीत आहे.

मग अध्यक्षांनी फायलीतला तक्ता काढला, उलटा केला, सुलटा केला, आणि विचारलं, “म्हणजे बाकीच्या आठांचे आकडे तरी बरोबर आहेत?”

मी हो म्हणणार होतो. म्हणालो, माहीत नाही. दोन शब्दच, पण महिन्याभरात माझ्या तोंडून निघालेले हे पहिलेच नेमके शब्द असावेत.

ठराव पुढे ढकलला. पान बंद. सगळ्या शाखांत दारात माणूस बसवून पंधरा दिवस डोकी मोजायची, मग बघू. मी म्हणालो, ताईच्या शाखेत माझ्याखेरीज कुणालाही बसवा, मी भाऊ आहे, बरं दिसणार नाही. अध्यक्ष म्हणाले, “तुम्हीच बसा. तुम्ही बहिणीच्या बाजूने काही वाढवून लिहाल, ही भीती मला आता उरलेली नाही.”

सगळे हसले. मीही हसलो, न हसणं वाईट दिसलं असतं.

तिथून तसाच ताईकडे गेलो. शाखा बंद व्हायच्या वेळी. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ती खुर्च्या आत सरकवत होती, सरकवतच राहिली. शेवटची खुर्ची झाल्यावर म्हणाली, “छोट्या, पंधरा दिवस मी रोज माणसं मोजत होते. आणि मला वाटायचं, आपल्या मनाला बरं वाटावं म्हणून मी जास्त मोजते आहे.”

चिडली असती तर सोपं गेलं असतं. मी म्हणालो, ताई, मला बोल काहीतरी. ती म्हणाली, उद्या लवकर ये. मुलं कुलूप उघडायच्या आधी येऊन बसतात.

१० एप्रिल, गुरुवार

दाराशी स्टूल. तेच जुनं असावं. एक पाय आखूड आहे. दिवसभर मोजलं. संकल्प: एकही डोकं सुटू द्यायचं नाही. काल आणि आज मिळून जे आकडे झाले ते माझ्या पानावरच्या तिच्या आख्ख्या महिन्यापेक्षा जास्त आहेत.

हिने नळवाला बोलावून चकती बसवून घेतली. मला विचारलंही नाही. बरोबरच आहे.

११ एप्रिल, शुक्रवार

आता पद्धत बसली आहे. माणूस आत आला की एक रेघ. अर्ध्या अर्ध्या तासाची एक ओळ. आजपर्यंतचं माझं सगळ्यात स्वच्छ काम आहे हे, नेट नाही, काही नाही. दुपारी तेवढा कोपऱ्यावर चहाला जाऊन आलो.

संध्याकाळी ताईने कागद मागितला. चष्मा लावून वरून खाली वाचत आली आणि एका ओळीवर बोट ठेवून थांबली.

“साडेचार ते पाच कुणीच आलं नाही?”

मी म्हणालो, मी चहाला गेलो होतो तेव्हा.

ताईने बोट तिथून हलवलं नाही. मीही त्या ओळीकडे बघितलं. तिथे मी स्वच्छ, गोल शून्य काढलं होतं.

मग ती वाचकांकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, आमच्या छोट्याचा चहा चालू होता तेव्हा कोण कोण आलं, हात वर करा रे. याच्या मशीनने आपला गेला आख्खा मे महिना खाल्ला, निदान आजची अर्धी दुपार तरी वाचवू.

खोलीभर हात वर झाले. जमिनीवरच्या मुलांचे, कॉम्प्युटरवरच्या बाईचा, तिच्या मागच्या चौघांचे. मी स्टुलावरून उठलो आणि मोजू लागलो. खिडकीपाशी आलो तर भिंगवाल्या आजोबांचे दोन्ही हात वर. भिंग एका हातात, पेपर दुसऱ्या. मी म्हणालो, आजोबा, एकच.

आजोबा म्हणाले, “एक आजचा. दुसरा मे महिन्याचा.”

सगळी शाखा हसली. ताईसुद्धा.

शून्य खोडून आकडा लिहिला. आजोबांचा एकच हात धरला. नियम तो नियम. पण घरी येईपर्यंत तो दुसरा हात डोळ्यांसमोरून जात नव्हता. आज तो धरला तर आकडा खोटा. नाही धरला तर आजोबांचा मे पुन्हा शून्य. दोन्हीकडून दोषी मीच.

उद्या ताईला विचारतो.

नाही. आत्ताच फोन करतो.

लागला नाही. एंगेज येतोय. थांबलो आहे.